पाण्याला पंप नाही : पेशीपटल, परासरण आणि जलसंजीवनी

रानजाई (धागाकर्ती)

जुलाब सुरू झाले की घरोघरी पहिला सल्ला ठरलेला असतो, "पाणी पीत राहा." सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो अपुरा का, हे नीट समजून घेतलं की विसरण (कणांचं दाटीकडून विरळीकडे पसरणं) आणि परासरण (पटलातून पाण्याचं जास्त कण असलेल्या बाजूला जाणं) यांचा अख्खा धडा डोळ्यांपुढे उलगडतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मुलांना व्याख्या पाठ असतात. बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात, साखरेच्या पाकात टाकले की आक्रसतात, हा प्रयोग आठवीतच झालेला असतो. पण "प्यायलेलं पाणी आतड्यातून रक्तात जातं कसं?" असं विचारलं की वर्ग शांत होतो. त्या शांततेसाठी हा धागा.

मला सांगायचंय ते एवढंच: पेशीपटलातून, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणातून, पाणी पलीकडे ढकलणारा पंप आपल्या शरीरात एकही नाही. सोडियमचे पंप आहेत, पोटॅशियमचे आहेत, कॅल्शियमचे आहेत, जठरात हायड्रोजन आयनांचे आहेत. पाण्याचा नाही. पेशीला पाणी हलवायचं असेल तर ती मीठ हलवते आणि पाणी त्यामागून जातं. मूत्रपिंड, आतडं, घर्मग्रंथी, लाळग्रंथी, सगळीकडे हीच रीत.

आधी पटलाबद्दल. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींमधला मेद वेगळा काढून पाण्यावर पसरवला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतो असं त्यांना दिसलं. म्हणजे पटल मेदाच्या दोन थरांचं. हा दुहेरी थर जेमतेम ५ नॅनोमीटर जाड आहे. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सरळ आरपार जातात, त्यांना दार लागत नाही. सोडियम, क्लोराइड अशा विद्युतभारित आयनांना मात्र तिथून जवळपास प्रवेशच नाही. ग्लुकोजही स्वतःहून जात नाही, त्याला वाहक प्रथिन लागतं. निवडक्षम पारपटल म्हणतात ते यालाच.

आणि पाणी? मेदातून ते थोडंथोडं झिरपतं. पण तांबडी पेशी किंवा मूत्रपिंडाची नलिका ज्या वेगाने पाणी सोडते, त्याचा हिशेब नुसत्या झिरपण्याने लागत नव्हता. उत्तर मिळालं ते अमेरिकेत बाल्टिमोरला. पीटर आग्रे रक्तगटाच्या आरएच (Rh) प्रथिनावर काम करत होते. त्यात एक अनोळखी प्रथिन वारंवार दिसायचं. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने त्या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते बनवायची कृती, बेडकाच्या अंड्यात घातला आणि अंडी जवळपास शुद्ध पाण्यात ठेवली. साधी अंडी होती तशीच राहिली. प्रथिन असलेली अंडी फुगत गेली आणि फुटली. पाण्याची वाट सापडली होती. तिचं नाव ॲक्वापोरिन. एका वाटेतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात आणि तरी हायड्रोजन आयन एकही जाऊ दिला जात नाही. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल आग्रे यांना मिळालं, रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत. पण नीट लक्षात घ्या, ॲक्वापोरिन ही वाट आहे, पंप नव्हे. पाणी कुठल्या दिशेने जाणार हे दोन्ही बाजूंना किती कण विरघळलेले आहेत त्यावर ठरतं.

विसरणाबद्दलही एक गोष्ट वर्गात कमी बोलली जाते, ती म्हणजे वेळ. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. पाण्यात विरघळलेला एखादा लहान रेणू १० मायक्रोमीटर, म्हणजे एका पेशीइतकं अंतर, सेकंदाच्या विसाव्या भागात ओलांडतो. १ मिलिमीटरला त्याला ८ मिनिटं लागतात, १ सेंटिमीटरला १४ तास, आणि १० सेंटिमीटरला जवळपास दोन महिने. पेशी इतक्या लहान का असतात, आणि आपल्याला हृदय व रक्तवाहिन्या का लागतात, याचं उत्तर या आकड्यांतच आहे. विसरण जवळच्या प्रवासाला फार उत्तम, लांबच्या प्रवासाला निरुपयोगी.

आता आतडं. आपण दिवसाला साधारण २ लिटर पितो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस हे सगळं मिळून आणखी ७ लिटरच्या आसपास आतड्यात उतरतं. या ८-९ लिटरांपैकी शौचावाटे बाहेर जातं ते फक्त १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळं रक्तात परत. काम असं चालतं: अस्तरपेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो प्रत्येक फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहतं, म्हणून आतड्याच्या पोकळीतलं सोडियम आत येतं, पलीकडे रक्ताच्या बाजूला टाकलं जातं, आणि त्याच्यामागे पाणी.

कॉलऱ्यात हे उलटं होतं. १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून काढलेला द्रव सोडला, आणि आतडं पाण्याने तट्ट फुगलं. म्हणजे जंतू आतडं कुरतडत नाहीत, त्यांचं विष काम करतं. पुढे कळलं की ते विष अस्तरपेशीतले क्लोराइडचे मार्ग उघडेच ठेवायला लावतं. क्लोराइड पोकळीत जातं, मागोमाग सोडियम, त्यांच्यामागे पाणी. तीव्र कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत. नेहमीची मीठ शोषायची एक मोठी वाटही त्याच वेळी बंद पडते. अशा वेळी नुसतं पाणी प्यायलं तर ते रक्तात न्यायला मीठच पुढे जात नसतं.

पण एक वाट शाबूत राहते. १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं होतं की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहकावर बसून पेशीत येतात. एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम. कॉलऱ्याचं विष या वाहकाला धक्का लावत नाही. म्हणून पाण्यात मीठ आणि ग्लुकोज दोन्ही हवेत. साखर इथे शक्ती यावी म्हणून नसते, सोडियमला आत घेऊन यावं म्हणून असते. १९६८ मध्ये ढाक्याला डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर ते दाखवून दिलं.

आणि १९७१ मध्ये बनगाव. बांगलादेश मुक्तियुद्धातले निर्वासित लाखोंनी पश्चिम बंगालात येत होते, छावण्यांत कॉलरा पसरला होता, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा अशा पुड्या कोलकात्यात बांधून घेतल्या आणि बनगावला नेल्या. पिंपांत द्रावण करून ठेवलं, रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते पाजलं. आधी छावणीत शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये ते गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. माझ्या मते हे नाव शाळेच्या प्रत्येक विज्ञानाच्या पुस्तकात असायला हवं, आणि ते परासरणाच्याच धड्यात असायला हवं.

---

अबोली७

फार सुंदर लिहिलंय ताई. वाचनखूण साठवली. एक शंका: साखर सोडियमला आत आणते, तर साखर जास्त घातली की सोडियम आणि पाणी जास्त आत जाईल ना? आमच्याकडे मुलाला जुलाब झाले की सासूबाई शीतपेय देतात, गॅस काढून. त्याने बरं वाटतं असं त्यांचं म्हणणं.

---

रानजाई

अबोली, जास्त साखरेने उलटंच होतं, आणि ते परासरणामुळेच.

आपल्या रक्ताची परासारिता, म्हणजे विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण, लिटरला २८५ ते २९५ मिलिऑसमोलच्या आसपास असते. शीतपेयात १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आगेमागे साखर असते. ती आतड्यात फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाली की त्या द्रवाची परासारिता रक्ताच्या दुपटीजवळ जाते. वाहक एका वेळी ठरावीकच ग्लुकोज उचलू शकतो. उरलेली साखर पोकळीत राहते आणि रक्तातलं पाणी आतड्यात खेचून घेते. जुलाब वाढतात. वर शीतपेयात सोडियम नगण्य.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये जलसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसचा, जुना नुस्खा बदलला. आधीच्या द्रावणात सोडियम ९० आणि ग्लुकोज १११ मिलिमोल होतं, परासारिता ३११. नव्यात दोन्ही ७५-७५, परासारिता २४५, म्हणजे रक्तापेक्षा कमी. नव्या द्रावणाने शौचाचं प्रमाण कमी होतं, उलट्या कमी होतात, सलाइन लावायची वेळही कमी येते. एका लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. पुडीच्या मागे हे आकडे छापलेले असतात, ते जरूर पडताळा. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस या नावाने बरीच वर्षं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

सासूबाईंना शीतपेयाऐवजी भाताची पेज मीठ घालून द्यायला सांगा. पिष्टाचं ग्लुकोज हळूहळू सुटतं, त्यामुळे पेज परासरणाच्या हिशेबानेही चांगली.

---

धूमकेतू_पुणे

लेख आवडला. मी भौतिकशास्त्राचा. एका ठिकाणी भर घालतो, कारण शाळेच्या पुस्तकात परासरणाची जी कारणमीमांसा येते तिने माझं कधी समाधान झालं नाही.

पुस्तक म्हणतं, पाण्याची संहती (दाटी) जास्त तिथून कमी तिकडे पाणी जातं, म्हणजे परासरण हे पाण्याचं विसरण. यात दोन अडचणी आहेत. पहिली: परासरणाचा जोर विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतो, त्यांनी पाण्याची किती जागा अडवली त्यावर नाही. व्हान्ट हॉफ यांनी १८८० च्या दशकात हे सूत्रात बसवलं आणि १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. दुसरी अडचण प्रयोगातली. १९३५ मध्ये कोपनहेगनला हेवेसी, होफर आणि क्रोग यांनी बेडकाच्या त्वचेतून जड पाणी (जड हायड्रोजनचं, म्हणून वेगळं ओळखता येणारं) किती वेगाने पसरतं ते मोजलं. परासरणाने जाणारं पाणी त्या विसरणाच्या हिशेबापेक्षा जास्त वेगाने जात होतं. म्हणजे छिद्रांतून पाणी एकेक रेणू भटकत जात नाही, प्रवाहाने जातं.

मग प्रवाहाला लोटतं कोण? विरघळलेला कण छिद्राच्या तोंडाशी येतो. पटल त्याला आत घेत नाही, मागे परतवतं. परतताना तो आजूबाजूच्या पाण्यालाही आपल्याबरोबर मागे नेतो. सतत अब्जावधी कणांचं असं चालू असल्याने छिद्राच्या त्या तोंडाशी दाब किंचित कमी पडतो, आणि शुद्ध पाण्याकडून छिद्रातून प्रवाह सुरू होतो. साखर पाण्याला ओढत नाही. पटल साखरेला अडवतं, त्यातून हा जोर निर्माण होतो. पटलाने साखरेला अडवलं नाही तर परासरणच नाही.

जोर किती? लिटरला ३०० मिलिऑसमोल आणि ३७ अंश तापमान धरलं तर दाब साडेसात वातावरणदाबांच्या वर येतो. ७५ मीटरहून उंच पाण्याच्या स्तंभाइतका. तांबडी पेशी शुद्ध पाण्यात फुटते यात मला नवल वाटत नाही. ती रक्तात शाबूत राहते, याचं वाटतं.

---

रानजाई

धूमकेतू, मनापासून आभार. हा प्रतिसाद मी बारावीच्या मुलांना वाचून दाखवणार आहे. "पाण्याची संहती" ही मांडणी दिशा सांगायला पुरते, वेग सांगायला पुरत नाही.

तांबडी पेशी शाबूत राहण्याचं श्रेयही मिठाच्या पंपालाच. पेशीच्या आत प्रथिनं आणि इतर मोठे रेणू अडकलेले असतात, ते बाहेर जाऊ शकत नाहीत. बाहेरचं सोडियम पटलातून थोडंथोडं गळत आत येतच असतं. पंप ते सतत बाहेर फेकतो म्हणून आतल्या-बाहेरच्या कणांचा हिशेब जुळलेला राहतो. पंपाला ऊर्जा मिळाली नाही तर सोडियम साठतं, मागून पाणी येतं, पेशी सुजते. रक्तपुरवठा तुटलेल्या मेंदूच्या पेशी पहिल्या काही मिनिटांत सुजायला लागतात ते यामुळे. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूत शोधला, नोबेल मात्र १९९७ मध्ये मिळालं. ४० वर्षांनी.

वनस्पतीपेशीला भित्तिका असते, म्हणून ती दाब सोसते, आणि त्याच दाबावर ताठ उभी राहते.

---

नीट_२७

मॅडम, टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न होता: ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात तांबड्या पेशी जशाच्या तशा राहतात, पण तेवढ्याच परासारितेच्या युरियाच्या द्रावणात फुटतात, कारण सांगा. मला सुटला नाही. कण सारखेच आहेत ना?

---

रानजाई

उत्तर धूमकेतूंच्या प्रतिसादात आहे: पटलाने अडवलं नाही तर परासरणच नाही. सोडियम आणि क्लोराइडला पटल बाहेर रोखतं, म्हणून ते पाणी बाहेर धरून ठेवतात. युरिया तांबड्या पेशीच्या पटलातून सहज आत जातो. तो आत गेला की आतले कण वाढले, मागून पाणी आलं, पेशी फुटली. म्हणजे कणांची संख्या सारखी असणं वेगळं आणि द्रावण त्या पेशीसाठी समपरासारी असणं, म्हणजे त्यात पेशी फुगणार वा आक्रसणार नाही असं असणं, वेगळं. दुसऱ्यासाठी कोणता कण कोणत्या पटलातून जातो हे बघावंच लागतं.

५ टक्के डेक्स्ट्रोजचं (म्हणजे ग्लुकोजचं) सलाइन याच जातीचं. बाटलीत असताना त्याची परासारिता रक्ताच्या जवळ, पण शरीरात ग्लुकोज पेशींत जाऊन वापरलं जातं आणि मागे उरतं साधं पाणी. म्हणून जुलाबाने कोरड्या पडलेल्या रुग्णाला डॉक्टर नुसतं डेक्स्ट्रोज चढवत नाहीत.

---

बागायतदार_निफाड

मी द्राक्षवाला. धाग्याचा विषय बघून थांबलो, कारण आमचं अख्खं वर्ष या एका गोष्टीवर अवलंबून असतं. मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर, अवकाळी आला की मणी तडकतात. दोन दिवसांत घड हातचा जातो. आम्ही म्हणतो मण्याने पाणी प्यायलं. ते देठाकडून पितं की सालीतून, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत.

---

रानजाई

दादा, दोन्हीकडून. पाणी उतरल्यावर मण्यात साखर भराभर वाढते, काढणीला १८-२० ब्रिक्सपर्यंत (रसात साधारण तेवढे टक्के साखर) जाते. पावसाचं पाणी जवळपास शुद्ध. ते सालीवर आणि देठाच्या बेचक्यात तासन् तास साचून राहिलं की आतल्या साखरेमुळे आत शिरतं. त्याच वेळी मुळांकडून येणारा पुरवठाही वाढतो, आणि हवा दमट असल्याने पानांतून पाणी उडत नाही. मण्याची साल या वयात फारशी ताणत नाही. दाब वाढला की तडा.

म्हणून पाऊस थांबल्यावर वेली हलवून किंवा ब्लोअरने हवा मारून घड लवकर कोरडे करतात, त्याला शास्त्राचा आधार आहे. प्लास्टिकचं आच्छादन सालीवरचं पाणी अडवतं, पण जमिनीतली ओल मुळांतून यायची ती येतेच. बाकी तुमच्या बागेचं तुम्हाला जास्त कळतं.

---

शिरोळकर

द्राक्षाच्या उलट आमच्या उसाचं. नदीकाठची काळी जमीन, वर्षानुवर्षं पाटाने पाणी दिलं आणि क्षारपड झाली. शेतात चिखल आहे आणि ऊस पिवळा पडून वाळतोय. बाहेरचा माणूस बघितला की म्हणतो पाणी कमी पडलंय. पाणी आहे, पण मुळाला घेता येत नाही, कारण मातीच्या पाण्यात मीठ इतकं आहे की मुळाच्या पेशीला ते आत खेचता येत नाही. खताचा डोस जास्त झाला की रोप करपतं तेही हेच. आमच्या भागात भूमिगत निचऱ्याच्या सच्छिद्र पाईप टाकून मीठ धुवून काढायला लागलेत लोक, आणि जमीन परत येते. खर्च मोठा आहे, पण शेजारपाजारच्या सगळ्यांनी मिळून केला तरच उपयोग होतो.

---

खाडीकाठ

तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, आठवण झाली. आमच्या खाडीत तिवर मिठाच्या पाण्यातच उभा. पान चाटून बघा, खारट लागतं. पानावरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतो, उन्हात त्याचे कण चमकताना दिसतात. कांदळ ही दुसरी खारफुटी वेगळ्या वाटेने जाते, ती बरंचसं मीठ मुळाशीच अडवते. शिवाय दोन्ही झाडं आपल्या पेशींत इतके कण राखतात की समुद्राच्या पाण्यातूनही पाणी आत येतं.

---

सांजवेळ

माझे वडील घरी पोटाचं डायलिसिस घेतात. दिवसातून चार वेळा दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी काढायची. आम्हाला प्रशिक्षण दिलं तेव्हा सगळं हाताने करायला शिकवलं, पण आत काय होतं ते आज हा धागा वाचून विचारावंसं वाटतंय. पिशव्यांवर दीड टक्का, अडीच टक्के, सव्वाचार टक्के असं लिहिलेलं असतं. पायावर सूज दिसली तर जास्तीच्या टक्क्याची पिशवी वापरायला डॉक्टर सांगतात. ते का?

---

रानजाई

सांजवेळ, तुम्ही रोज घरात विसरण आणि परासरण दोन्ही घडवून आणताय.

पोटाच्या आतलं अस्तर, त्याला पेरिटोनियम म्हणतात, ते पटलाचं काम करतं. त्यात केशवाहिन्यांचं जाळं आहे. पिशवीतल्या द्रवात युरिया आणि क्रिएटिनिन ही शरीरातली टाकाऊ द्रव्यं नसतात, पोटॅशियमही सहसा नसतं. रक्तात ते साठलेलं असतं. म्हणून ते विसरणाने रक्ताकडून द्रवाकडे येतं. याला वेळ लागतो, म्हणून पिशवी काही तास आत ठेवायची.

जास्तीचं पाणी काढायला मात्र विसरण कामाचं नाही, तिथे परासरण लागतं. ते टक्के म्हणजे त्या द्रवातली साखर, डेक्स्ट्रोज. साखरेमुळे पोटातला द्रव रक्तापेक्षा जास्त परासारी होतो आणि रक्तातलं पाणी पोटात येतं. टक्का जास्त तितकं पाणी जास्त. म्हणून सूज असली की वरची पिशवी. इथेही केशवाहिन्यांच्या पेशींतले ॲक्वापोरिन निम्म्याच्या आसपास पाणी वाहून आणतात.

पण डेक्स्ट्रोज लहान आहे. तेही अस्तरातून हळूहळू रक्तात जातं. तासातासाने ओढ मंदावते, आणि फार वेळ ठेवलं तर पाणी परत रक्तात जायला लागतं. म्हणून पिशवी बदलायची वेळ पाळायची. रात्रभरच्या मोठ्या अंतरासाठी आयकोडेक्स्ट्रिन नावाच्या मोठ्या रेणूचं द्रावण मिळतं, ते सहज शोषलं जात नाही. वडिलांना मधुमेह असेल तर शोषल्या जाणाऱ्या या साखरेचा हिशेब डॉक्टरांशी जरूर बोला. आणि पिशवी बदलताना हात धुणं, मास्क लावणं यात कधीही ढिलाई नको.

---

सांजवेळ

ताई, धन्यवाद. मधुमेह आहे. पुढच्या भेटीत विचारते. काढलेला द्रव आम्ही रोज मोजून वहीत लिहितो, आता त्या आकड्यांचा अर्थ लागतोय.

---

डॉक्टर_सातपुडा

मी सरकारी दवाखान्यात काम करतो. पावसाळ्यात हा धागा वर राहावा म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी लिहितो.

पुडीचं प्रमाण मोडू नका. एक लिटरची पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात घालणं धोक्याचं आहे. द्रावण जास्त तीव्र झालं तर रानजाईताईंनी शीतपेयाचं सांगितलं तसंच होतं, शिवाय रक्तातलं सोडियम वाढून बाळाला झटके येऊ शकतात. द्रावण झाकून ठेवा आणि २४ तासांनी टाकून द्या. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, सपाट म्हणजे खरंच सपाट.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० च्या दशकात घरोघरी जाऊन आयांना चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा लिटर पाणी हे हाताने करून दाखवायला शिकवलं. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला पुढे तपासणीत आईला किती आठवतं यावर ठरायचा. आमच्या आशाताई पाड्यांवर जे करतात ते याच जातीचं काम आहे आणि त्याचं मोल फार मोठं आहे.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध बंद करू नका, जेवण बंद करू नका. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू खाली बसते आहे, लघवी होत नाही किंवा शौचात रक्त आहे, तर घरी थांबू नका.

सोबत झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०, एकूण १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण करा.

---

अबोली७

डॉक्टर, झिंकची गोळी गिळवायची कशी? आमचा दीड वर्षाचा आहे.

---

डॉक्टर_सातपुडा

गिळवायची नाही, ती विरघळणारी असते. चमच्यात ठेवा, थोडं स्वच्छ पाणी, अंगावरचं दूध किंवा जलसंजीवनीचं द्रावण घाला. थोड्याच वेळात विरघळते, मग चमच्यानेच पाजा. अर्ध्या तासाच्या आत उलटीत बाहेर पडली तर आणखी एक द्या.